भट्टीतून गेलेली शीव

कागदावर नाही ते मी लिहीत नाही. हा माझा एकुलता एक गुण, आणि त्यानेच यंदाच्या वसंतात गावात तोंड लपवायची वेळ माझ्यावर आणली.

चौतीस वर्षं मी पेटलस्टोचं पोस्ट सांभाळलं. पोस्ट बंद पडलं तेव्हा डोक्याला काहीतरी खाद्य हवं म्हणून गावाच्या इतिहास मंडळाची सचिव झाले. मंडळात आम्ही नऊ जण. त्यांतल्या दोघी केवळ लिंबाच्या केकसाठी येतात आणि एक गृहस्थ हीटरसाठी. उरलेल्या सहांत जुनं अक्षर वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे मंडळ म्हणजे मीच, असं म्हटलं तरी चालेल. म्हणतातही. माझ्यामागे.

गेल्या हिवाळ्यात मी ‘पेटलस्टोची शीव’ नावाची पुस्तिका लिहिली. चव्वेचाळीस पानं, मधोमध दोन पिना, किंमत तीन पौंड. आमची शीव म्हणजे सरळ प्रकरण नव्हे. शेजारचं मार्ल गाव आमच्या तिप्पट आहे, तरी त्याचं पोट भरत नाही. त्याच्या हद्दीची एक लांबट जीभ ओढ्याच्या काठाने थेट आमच्या गावात घुसली आहे. या जिभेच्या अलीकडे डेन्झिल हेक्राफ्टचं घर, पलीकडे टेकडावर आमचं चर्च. डेन्झिलचं घर पेटलस्टोचं, हे पिढ्यानपिढ्या सगळे धरून चालले होते. मी मात्र जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन १८४१चा नकाशा भिंगाखाली घातला आणि पान एकतीसवर ठणकावून लिहिलं, की ही जीभ लोक समजतात त्याहून रुंद आहे आणि हेक्राफ्टचं घर अख्खंच्या अख्खं मार्लमध्ये पडतं. ‘जवळजवळ दोनशे वर्षांची चूक आज दुरुस्त होत आहे!’ असंही एक वाक्य टाकलं. उद्गारचिन्ह छापणाऱ्याचं नव्हे, माझंच.

प्रकाशन गावच्या हॉलमध्ये झालं. चहा होता, केक होता, माझा निळा कोट होता. आमच्या पाद्रीबाई फिलिपा दोन वर्षांपूर्वी गावात आल्या आहेत. मनाने लोण्यासारख्या. त्या हातात पुस्तिका घेऊन कोपऱ्यात वाचत उभ्या होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

“ॲव्हरिलबाई, हे पान एकतीस...”

“आवडलं ना? मलाही तेच सगळ्यांत आवडतं.”

“पण हे खरं आहे का?”

“माझ्या पुस्तकात खोटं नसतं.”

“अरे देवा!” पाद्रीबाई म्हणाल्या. तसं म्हणणं हा त्यांचा पेशाच आहे, पण या वेळी त्या मनापासून म्हणाल्या.

मग त्यांनी मला कोटाच्या बाहीला धरून बाहेर नेलं आणि सांगितलं. आमच्या चर्चच्या आवारात आता आठच कबरींपुरती जागा उरली आहे. गेल्या वर्षी मार्लचे लायोनेल ऑर्मरॉड, म्हणजे तिकडच्या चर्चचे कारभारी, अर्ज घेऊन आले होते, की मला मेल्यावर तुमच्या टेकडावर जागा द्या, तिथून देखावा चांगला दिसतो. मेलेल्या माणसाला देखावा कशाला हवा, हे कुणी विचारलं नाही. पण नाही म्हणायला काहीतरी आधार हवा म्हणून चर्चच्या समितीने नियम केला: जो शिवेच्या आत राहतो, त्यालाच जागा. ऑर्मरॉड परत गेले, पण नियम तसाच राहिला.

“आणि डेन्झिलची जागा थिर्झाच्या शेजारी ठेवलीय,” पाद्रीबाई म्हणाल्या. “नुसती तोंडी. लेखी काही नाही. आता तुम्हीच छापलंय, की ते मार्लचे. त्यांना सूट दिली तर उद्या ऑर्मरॉड दारात उभे राहतील. ते आत बसलेत, ॲव्हरिलबाई. त्यांनी तुमच्या पुस्तिकेच्या दोन प्रती विकत घेतल्यात.”

मी दारातून आत पाहिलं. डेन्झिल केकचा तिसरा तुकडा खात होता आणि मला पाहून त्याने अंगठा वर केला. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण कुठल्या गावच्या जमिनीत, हेही आता मीच ठरवून बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

डेन्झिल आणि मी एकाच शाळेतले. तो माझ्यापुढे अकरा वर्षं होता, म्हणजे मी शाळेत जायला लागले तेव्हा तो कुंपणं विणायला लागला होता. आमच्या भागात शेतांची कुंपणं जिवंत झुडपांची असतात. त्यांच्या फांद्या अर्ध्या कापून, वाकवून एकमेकींत गुंतवायच्या. पेटलस्टोत असं एकही कुंपण नाही ज्याला डेन्झिलचा हात लागलेला नाही. आता तो ब्याऐंशीचा आहे. थिर्झा जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी तो तिच्या दगडाशी जाऊन उभा राहतो आणि शेजारच्या रिकाम्या गवतावर स्वतःची टोपी ठेवतो. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही.

“पाद्रीण येऊन गेली माझ्याकडं,” तो म्हणाला. “रडकं तोंड करून. मलाच तिला चहा पाजावा लागला.”

“डेन्झिल, मला...”

“मी मार्लचा?”

“नकाशात तसं दिसतंय.”

“अगं, ब्याऐंशी वर्षांत मी मार्लला चारदा गेलो असेन. त्यात दोनदा दात काढायला. जिवंतपणी जिथं पाय ठेवावासा वाटला नाही, तिथं मेल्यावर आडवा पडू?”

मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले.

“तुझा तो नकाशा काढणारा कधी आमच्या घरी आला होता का? चहा प्यायला?”

“डेन्झिल, तो १८४१ साली...”

“तेच म्हणतोय मी. आला नव्हता.” तो वळला आणि फाटकापाशी थांबला. “थिर्झाला मी सांगून ठेवलंय, सरकून जागा ठेव म्हणून. तिला काय सांगू आता? ॲव्हरिलनं भिंग आणलंय म्हणून?”

तो ओरडला असता तर मी बरोबरीने ओरडले असते, तो मला सरावच आहे. पण तो शांतपणे बोलला आणि फाटक अलगद लावून गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता कुणी म्हणेल, सरळ लिहून टाकायचं की चूक झाली. पण चूक झाली असेल तर ना! नकाशा खोटा आहे असं म्हणायला दुसरा कागद हवा. तो शोधायला मी चर्चमधली जुनी पेटी उघडायचं ठरवलं. त्या पेटीला तीन कुलपं आहेत आणि तीन किल्ल्या तिघांकडे, म्हणजे एकट्याला चोरी करता येऊ नये. पूर्वजांचा एकमेकांवर केवढा विश्वास होता पाहा! तिघं गोळा करायला मला नऊ दिवस लागले. कारण एक स्पेनला गेला होता, आणि दुसऱ्याने आपली किल्ली तीन वर्षं गॅरेजची समजून वापरायचा प्रयत्न केला होता.

पेटीच्या तळाशी, उंदरांनी कडा कुरतडलेली एक वही निघाली. शीव फिरण्याची वही. पूर्वी नकाशे नव्हते, तेव्हा दर काही वर्षांनी दोन्ही गावचे लोक मिळून शिवेवरून चालत जायचे, वाळुंजाच्या छड्यांनी खुणेच्या दगडांना झोडायचे आणि लहान पोरांना त्या दगडांवर आपटायचे, म्हणजे पोरांच्या बुडाला शीव जन्मभर लक्षात राही. तेव्हाची स्मरणशक्ती तिथे असायची. १७८८च्या पानावर मी थांबले. दोनदा वाचलं. मग चर्चमध्ये मोठ्याने बोलू नये हे विसरून मी ओरडले.

लिहिलं होतं: ‘ओढ्याच्या वळणापासून पुढे बेकर नोक्स याच्या भट्टीतून. मार्लची मंडळी हजर. भट्टीच्या तोंडाशी एक व मागील भिंतीत एक अशा खाचा केल्या. डाव्या हाताला आमच्या गावाचे आद्याक्षर, उजव्या हाताला त्यांचे. एका पोरास आत घालून मागील भिंतीस डोके टेकवावयास लाविले. त्यास एक बन दिला.’

बेकर नोक्सचं घर म्हणजे आजचं हेक्राफ्टचं घर, हे मला पोस्टाच्या जुन्या पत्त्यांवरून ठाऊक होतं. म्हणजे शीव घराच्या बाहेरून जातच नव्हती. ती घराच्या आतून, भट्टीतून जात होती.

मी पाद्रीबाईंना वही दाखवली. त्यांनी ऑर्मरॉडना फोन केला. ऑर्मरॉड हे निवृत्त सर्व्हेअर. मोजमापाची सगळी हत्यारं गाडीत घेऊन फिरतात, आणि त्यांनीही स्वतःची एक पुस्तिका लिहिली आहे, ‘मार्लची कर्तबगारी’. रंगीत मुखपृष्ठ, किंमत पाच पौंड. ती मी अक्षरन् अक्षर वाचली आहे, चुका शोधायला. ऑर्मरॉड म्हणाले, “जुन्या रिवाजाप्रमाणे दोन्ही गावं मिळून चालू या. जे सापडेल ते मी मान्य करतो, सही देतो.” एवढं औदार्य त्यांनी का दाखवलं, ते मला कळत होतं. हेक्राफ्टच्या घरात भट्टी नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी असतो. त्याच्या आधीच्या सोमवारी शीव फिरायची जुनी रीत. आम्ही त्याच सोमवारी निघालो. तेवीस माणसं, चार कुत्री. प्रत्येकाच्या हातात वाळुंजाची छडी. ऊन लख्ख होतं. डेन्झिल पुढे, त्याच्या गुडघ्याला झेपेल तसा. माझ्याशी तो बोलत नव्हता, पण कुंपणाच्या वाटेवर प्रत्येक फाटक माझ्यासाठी धरून ठेवत होता.

पहिल्या दगडापाशी प्रश्न आला, आपटायचं कुणाला? पोरं शाळेत होती. मग कुणीतरी म्हणालं, रीत नवख्याला आपटायची आहे, वय कुठे लिहिलंय? सगळ्यांनी पाद्रीबाईंकडे पाहिलं.

“अहो नको, मी धर्मगुरू आहे!” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच हळू आपटतो,” दूधवाला बर्ट्रम म्हणाला. चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचललं आणि तीनदा दगडावर टेकवलं. पाद्रीबाई हसून हसून लाल झाल्या आणि उठल्यावर म्हणाल्या, “आता मला कुणी शीव विचारा, चुकणार नाही.” ऑर्मरॉडनी वहीत दगडाची मापं टिपली. ते हसले नाहीत.

अकराच्या सुमाराला आम्ही डेन्झिलच्या स्वयंपाकघरात शिरलो. तेवीस माणसं त्या खोलीत म्हणजे लोणच्याची बरणीच. ऑर्मरॉडनी चारी भिंती पाहिल्या.

“भट्टी कुठाय?”

“नाही,” डेन्झिल म्हणाला. “माझ्या बापाच्या वेळेपासून नाही. हे ताटांचं कपाट त्यानंच भिंतीला ठोकलं, मी चार वर्षांचा असताना.”

“का ठोकलं?” मी विचारलं.

डेन्झिलने त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “आई म्हणायची, मागनं वारा येतो.”

धड भिंतीतून वारा येत नाही. बर्ट्रमने आणि आणखी दोघांनी ताटं उतरवली, खिळे उपसले आणि कपाट ओढलं. मागे कमरेच्या उंचीवर, गंजून तांबडी झालेली, लोखंडी झडप होती. कुत्रीसुद्धा बसून बघायला लागली. झडप उघडायला बर्ट्रमला पहार लागली. आत काळोख आणि शंभर वर्षांपूर्वीच्या धुराचा वास. झडपेच्या चौकटीच्या विटेत, बरोबर मधोमध नव्हे तर जरा उजवीकडे, एक उभी खाच होती. तिच्या एका बाजूला आमचं अक्षर, दुसऱ्या बाजूला मार्लचं.

टाळ्या पडल्या. ऑर्मरॉडनी घसा साफ केला. “एका खाचेनं रेघ होत नाही. मागची खाच हवी. कुणीतरी आत जायला पाहिजे.”

झडप केवढी, तर मोठ्या सूटकेसएवढी. बर्ट्रम आत गेला असता तर तिथेच भाजून काढावा लागला असता. सगळे एकमेकांची पोटं बघायला लागले. मी पाच फूट आहे आणि ओल्या कोटासकट माझं वजन पंचेचाळीस किलो भरतं. वय एकाहत्तर, पण ते झडपेला दिसत नाही.

“मीच जाते,” मी म्हणाले. “घोळ माझाच आहे.”

निळा कोट काढला. बर्ट्रमने मला पाव सरकवावा तशी आत सरकवली. हातात बॅटरी, आणि ऑर्मरॉडनी दिलेल्या दोरीचं टोक. “मागच्या खाचेवर घट्ट धरा,” ते बाहेरून म्हणाले. “मी दोरीवरनं पलीकडच्या खोलीचं माप घेतो.”

मी कोपरांवर सरकत मागच्या भिंतीशी पोचले. काजळी बोटाने पुसली, आणि खाच दिसली. खोल, स्वच्छ, काल केल्यासारखी. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की या भिंतीपलीकडे डेन्झिलची झोपायची खोली आहे. त्याचा पलंग मी येताना दारातून पाहिला होता. उजव्या भिंतीला खिडकी, खिडकीखाली उशी, आणि पलंग या भिंतीला लागून आडवा. या खाचेतून सरळ रेघ काढली तर ती पलंगावरून जाणार आणि उशी मार्लमध्ये राहणार. दोरीचं टोक मी वीतभर उजवीकडे धरलं, तर पलीकडे ती दोन हात सरकेल. अख्खा पलंग पेटलस्टोत. अख्खा डेन्झिल थिर्झाच्या शेजारी. आणि या भट्टीत माझ्याशिवाय कुणाला येता येत नव्हतं.

खरं सांगते, मी दोरी सरकवली. वीतभर. आणि तिथे धरून पडून राहिले. मग मला त्या १७८८च्या पोराची आठवण झाली. त्याने इथेच डोकं टेकवलं होतं, म्हणजे पुढच्यांना खरं काय ते कळावं. त्याने खोटं सांगितलं असतं तर मी आज इथे नसते. मी दोरी परत खाचेवर आणली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते काजळीमुळे, असं नंतर सगळ्यांना सांगितलं.

“धरलीय!” मी ओरडले.

पायांना धरून मला बाहेर ओढलं तेव्हा मी धुराडं साफ करणाऱ्या ब्रशासारखी दिसत होते. कुणी हसलं नाही, कारण सगळे झोपायच्या खोलीच्या दारात गर्दी करून उभे होते. ऑर्मरॉडनी मापं घेऊन दोरी पलंगावरून ताणली होती. ती घोंगडीवर बरोबर छातीशी येत होती. उशी पलीकडे.

“घर दोन्हीकडचं,” ऑर्मरॉड म्हणाले. “ही चूक तुमच्या पुस्तिकेतली, बाई. पण माणसाचं काय? पाय तुमचे, डोकं आमचं.”

“निम्मे तर आमचे ना!” पाद्रीबाई म्हणाल्या.

“निम्मा माणूस पुरत नाहीत, पाद्रीबाई. आणि याचा निवाडा झालेला आहे. शिवेवरच्या अशाच एका घराचा.” त्यांनी बॅगेतून स्वतःची पुस्तिका काढली. ती त्यांच्याजवळ कायम असतेच. त्यांनी पान बारा उघडलं आणि कौतुकाने वाचलं. १७९६ साली शिवेवरच्या एका घरात सुझॅना प्लकरोझ नावाची म्हातारी राहायची. तिला पोसायचं कुणी, यावर दोन्ही गावांचं भांडण लागलं. मार्लच्या पंचांनी तिच्या पलंगाची मापं न्यायाधीशांपुढे ठेवली, आणि निकाल झाला: रात्री डोकं जिथे टेकतं, त्या गावचा माणूस. म्हातारीचं डोकं पेटलस्टोत निघालं, आणि मार्लची भाकरी वाचली.

“मार्लची हुशारी,” ऑर्मरॉड म्हणाले आणि पुस्तिका मिटली. “डोक्यावर जायचं. हेक्राफ्ट, मला वाईट वाटतं.”

मी भिंतीला टेकले. दोरी सरकवायला हवी होती, एवढंच माझ्या मनात येत होतं. पाद्रीबाईंनी डेन्झिलच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो हळूच काढला आणि ऑर्मरॉडसमोर जाऊन उभा राहिला.

“म्हणजे डोकं जिथं, तिथला माणूस?”

“न्यायाधीशांचा निकाल आहे.”

“पाय कुठं का असेनात?”

“कुठं का असेनात.”

“आणि हे तुमच्या पुस्तकात छापलंय?”

“पान बारा.”

डेन्झिलने वाकून खिडकीखालची उशी उचलली, पलंगाला वळसा घातला आणि ती दुसऱ्या टोकाला ठेवली. वरून दोनदा थोपटली.

“झालं?” तो म्हणाला.

खोलीत आधी कुणाला कळलंच नाही. मग बर्ट्रम जो हसायला लागला, तो चहापर्यंत थांबला नाही.

“हे असं नाही चालत!” ऑर्मरॉड म्हणाले. “सोयीसाठी उशी फिरवायची म्हणजे काय!”

इथे माझी वाचा परत आली. “ऑर्मरॉडसाहेब, पान तेरा वाचा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. आपण काय लिहिलंय ते लेखकाला आठवतंच.

“मोठ्यानं,” पाद्रीबाई म्हणाल्या. लोणी असं कधीकधी घट्ट होतं.

“‘मोजणीच्या आदल्या दिवशी,’” ऑर्मरॉडनी वाचलं, आणि आवाज खाली खाली जात होता, “‘मार्लच्या पंचांनी म्हातारीला एक कोंबडी देऊन पलंग फिरवून घेतला होता. मार्लच्या प्रसंगावधानाचा हा उत्तम नमुना होय.’”

“होय,” मी म्हणाले. “छान लिहिलंय. या पानात मला एकही चूक सापडली नव्हती.”

ऑर्मरॉडनी पुस्तिका बॅगेत टाकली. मग, त्यांचंही कौतुक करायला हवं, त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी पेन काढलं आणि पलंगाच्या कडेवर वही ठेवून सही केली. पेटलस्टोच्या बाजूला.

“मला मात्र जागा नाहीच ना?” त्यांनी विचारलं.

“उशी घेऊन या,” डेन्झिल म्हणाला. “पलंग रुंद आहे.”

पुढच्या आठवड्यात मी पान एकतीससाठी चूक-दुरुस्ती छापून आणली. पोस्टाच्या तिकिटाएवढी चिठ्ठी, सगळ्या प्रतींत स्वतः चिकटवली. पहिली डेन्झिलला द्यायला गेले. त्याने चष्मा लावून वाचली, घडी करून घड्याळाखाली ठेवली आणि टेबलावरची बशी माझ्याकडे सरकवली. बशीत एक बन होता.

“हे काय?”

“वहीत लिहिलंय ना. आत जाणाऱ्याला एक बन. पाद्रीणीनं सांगितलं.” मी खायला लागले तसा तो म्हणाला, “तुला दोरी सरकवता आली असती.”

“सरकवली होती.”

“मग?”

“परत ठेवली. खोट्यानं तुला तिच्या शेजारी झोपवलं असतं, तर थिर्झा तिथून उठून मला बोलायला आली असती.”

“आली असती,” तो म्हणाला. “चप्पल घालायलाही थांबली नसती.”

मी बनचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मग मी विचारलं, झोप लागते का या बाजूने?

“पहिले दोन दिवस नाही लागली. ये, दाखवतो.” तो मला झोपायच्या खोलीत घेऊन गेला आणि म्हणाला, “बस तिथं उशीशी.”

मी बसले. समोर खिडकी होती. मार्लची ती जीभभर हिरवळ, तिच्यावर मेंढरं, आणि पलीकडे टेकडावर आमचं चर्च. कबरींजवळच्या काळपट यू वृक्षाखाली थिर्झाचा दगड सकाळच्या उन्हात इतका स्पष्ट दिसत होता, की नाव वाचता येईल असं वाटलं.

“बावन्न वर्षं ती म्हणायची, उशी इकडं घे, डोळे उघडल्याबरोबर बाहेर दिसेल,” डेन्झिल म्हणाला. “मी म्हणायचो, डोळ्यांवर उजेड येतो, गप झोप. ती गेल्यावर सहा वर्षं रोज सकाळी या खिडकीकडं डोकं करून भिंत बघत पडायचो.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “रविवारी वर जाशील ना, तेव्हा सांग तिला. ऐकलं म्हणावं तुझं. उशीर झाला, पण ऐकलं.”

“तूच सांग की,” मी म्हणाले.

“मी रोज सांगतो,” तो म्हणाला. “पण तिचा माझ्यावर विश्वास नाही. तू कागद दाखव.”